सातवीच्या बाई

सातवीच्या दारात बाई नेहमीप्रमाणे हात पुढे करून उभ्या होत्या. मुलं एकेक करून येत, बाईंचा हात हातात घेत, त्यांच्या डोळ्यांत बघून "सुप्रभात, बाई" म्हणत आणि आत जात. अकरा हात झाले. बारावी मुलगी जिना चढून आली. दोन्ही हात स्वेटरच्या खिशात तसेच ठेवून ती बाईंच्या हाताला वळसा घालून गेली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.

बाईंचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याच हातानं त्यांनी दार लावून घेतलं.

वर्गात सगळ्यांनी पाहिलं होतं. बाईंनी मात्र काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं सकाळच्या ओळी म्हणायला सुरुवात केली. मुलं उभी राहून त्यांच्यामागे म्हणू लागली. पहिलीत असताना ही मुलं याच ओळी बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणत. आता ओठ जेमतेम हलत होते, आणि तिसऱ्या बाकावरचे तर तेवढेही हलत नव्हते.

ही शाळा स्टायनर पद्धतीची. इथे पहिलीला जे शिक्षक मिळतात तेच वर्गाबरोबर दुसरीत जातात, तिसरीत जातात, आणि आठवी झाली की मगच मुलांचा हात सोडतात. छापील पुस्तकं नाहीत, परीक्षा नाहीत, मार्क नाहीत. शिक्षक फळ्यावर रंगीत खडूंनी चित्र काढतात, गोष्ट सांगतात, आणि मुलं आपापल्या वहीत लिहून, रंगवून स्वतःचं पुस्तक स्वतः तयार करतात. सहा वर्षांपूर्वी पानगळीच्या तोंडावर शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा चौतीस वर्षांच्या बाई त्या बारा मुलांसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, की आठ वर्षं मी तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही. मुलांना तेव्हा आठच्या पुढचे आकडेही धड येत नव्हते.

तेव्हापासून बाईंनी त्यांचे पडलेले दात रुमालात बांधून दिले होते, कांजिण्या मोजल्या होत्या, कोण आठाच्या पाढ्यात अडखळतं आणि कुणाच्या घरी भांडण झालं की कोण डबा उघडत नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. हात न देणाऱ्या मुलीला तर त्यांनीच नाव ठेवलं होतं, खार. पहिलीत ती दिसेल ती बी खिशात कोंबायची, आणि एकदा तिच्या खिशाला चक्क कोंब फुटले होते. तेव्हा सगळा वर्ग हसला होता, तीही हसली होती. आता तिला तेरावं लागलं होतं, ती बाईंच्या खांद्याला लागत होती आणि अजून खारच होती.

त्या दिवशी बाईंनी वह्या तपासायला घेतल्या. खारीची वही उघडली आणि त्या थांबल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक गोल होता आणि गोलात आकडा. दहापैकी चार. दहापैकी सहा. ग्रहांच्या पानाला तीन, आणि खाली बारीक अक्षरात, 'शनीची कडी वाकडी.' जे चित्र फळ्यावरून जसंच्या तसं उतरवायचं होतं त्याखाली दोन गोल होते. एकात लिहिलं होतं 'मी ५', दुसऱ्यात 'बाई ७'.

बाईंना आधी हसू आलं. मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं. सात बरोबर होते. फार तर साडेसात.

वही परत देताना त्यांनी तिला थांबवून घेतलं. तिनं काही लपवलं नाही. बसडेपोच्या पलीकडे मोठी शाळा आहे, वडील डेपोत मेकॅनिक आहेत, तिला त्या शाळेत जायचंय. तिथं प्रयोगशाळा आहे, चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग आहेत, परीक्षा आहेत. वडिलांना चालेल. आई ऐकत नाही. आई विषयच काढू देत नाही.

"इथं काय कमी पडतं?" बाईंनी विचारलं.

"इथं सगळ्यांचं सगळं छानच असतं," ती म्हणाली. "मला खरंच गणित येतं का, ते मला कळतच नाही. एकदा तरी मला नापास व्हायचंय, बाई. मग पास झाले तर ते खरं वाटेल."

तिची आई शाळेतच बालवाडीची ताई होती. मुलीला बालवाडीत घातलं त्या वर्षी तिनं आपली नोकरी सोडून हे शिक्षण घेतलं आणि इथंच रुजू झाली. लोकरीच्या बाहुल्या, मेणाचे प्राणी, ऋतूप्रमाणे बदलणारं कोपऱ्यातलं टेबल, त्यावर पानं, बोंडं, वाळलेली कणसं, हे सारं तिच्या हातचं. म्हणजे खारीला शाळेत बाई आणि घरी शाळा. तिच्या घरी टीव्ही नव्हता, दप्तर आईनं शिवलेलं होतं, आणि स्वेटरसुद्धा.

गुरुवारी शिक्षकांची बैठक असे. त्या गुरुवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळा ज्यांनी सुरू केली त्यांनी, आधी सणांची यादी वाचली. सुगीच्या दिवसाला कोण भाज्या मांडणार, राक्षसाच्या नाटकात राक्षसाचं धड कोण होणार, कंदिलांची फेरी कुठल्या वाटेनं जाणार, सत्र संपताना हिरव्या फांद्यांचं वेटोळं कोण घालणार. राक्षस यंदा सातवीचा होता. मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं, की सहावीच्या बाई बाळंतपणासाठी जाणार आहेत आणि परत येणार नाहीत. नवीन शिक्षक मिळायला हरकत नाही, पण संस्थेचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. बारापेक्षा कमी मुलांच्या वर्गाला स्वतंत्र शिक्षक नाही. सहावीत तेरा आहेत. सातवीत बरोबर बारा. एक जरी गेलं तरी दोन वर्ग एकत्र होतील आणि मग ते सातवीच्या बाईंनाच पाहावे लागतील, सहावीची मुलं आठवी पूर्ण करेपर्यंत.

हे सांगताना मोठ्या बाई कुणाकडेच बघत नव्हत्या. बालवाडीच्या ताई मात्र थेट सातवीच्या बाईंकडे बघत होत्या.

बैठक सुटल्यावर ताईंनी त्यांना जिन्यात गाठलं. तुमचं ऐकते ती, असं म्हणाल्या. माझ्यासमोर तर तोंड फिरवते. तुम्ही समजावलंत तर वर्षभरात विसरून जाईल, हे वयच तसं असतं. बाई हो म्हणाल्या. हो म्हणणं सोपं होतं, कारण त्यांनाही तेच हवं होतं, आणि त्यांना ते का हवं होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंचा नवरा पाणीपुरवठ्याच्या खात्यात होता. दोन वर्षांपूर्वी त्याची बदली झाली, रेल्वेनं बारा तासांवर. वर्ग तेव्हा पाचवीत गेला होता. तू पण चल, असं तो एकदाच म्हणाला. बाई म्हणाल्या, आठवी होऊ दे. त्यानं वाद घातला नाही. तो वाद घालणाऱ्यांतला नव्हता, आणि बाईंना कधी कधी वाटे, घातला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन. या रविवारी त्यानं सांगितलं, की त्याच्या घराजवळच्या शाळेत पुढच्या-पुढच्या वर्षी जागा निघणार आहे, मुख्याध्यापकांशी तो सहज बोलून आलाय. घराच्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं, तिथं तुझं टेबल ठेवू.

"पावणेदोन वर्षं राहिली ना?" तो म्हणाला.

"पावणेदोन," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या. बाहेर झाडाखाली पिवळ्या पानांचा खच पडला होता. हे झाड सहा वेळा झडताना त्यांनी याच खिडकीतून पाहिलं होतं.

बाई खरोखरच समजवायला लागल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी खारीला आकाशाचे नकाशे दाखवले, मोठ्या शाळेच्या प्रयोगशाळेत नसेल असा भिंगांचा प्रयोग करून दाखवला, गणिताची अवघड उदाहरणं शोधून आणली. ती उदाहरणं खारीनं मन लावून सोडवली आणि विचारलं, "आता यावर मार्क द्याल?" बाईंना देता येईनात. पेन हातात होतं, पण सहा वर्षं त्यांनी कुणाला आकडा दिला नव्हता. त्यांनी पानाखाली दोन ओळी लिहिल्या, विचार स्पष्ट आहे, घाई कमी कर. खारीनं त्या वाचल्या, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्यानंतर ती सुट्टीत थांबायची बंद झाली.

राक्षसाच्या नाटकाच्या दिवशी आकाश गच्च भरून आलं होतं. अंगणात पालक, लहान भावंडं, वाऱ्यानं उडणाऱ्या टोप्या. हिरव्या-जांभळ्या कापडाखाली सातवीची मुलं एकमेकांच्या कमरेला धरून वाकून चालली होती, आणि पाचवीची पोरं लाकडी तलवारी घेऊन त्यांच्यासमोर शौर्याची गाणी म्हणत होती. राक्षसानं अर्धं अंगण पार केलं आणि त्याची शेपटी थांबली. कापड उचललं गेलं. खार बाहेर आली, केस सारखे केले आणि सगळ्यांच्या देखत चालत जाऊन मागच्या कुंपणाच्या भिंतीवर बसली. राक्षस शेपटीशिवायच पुढे गेला आणि ठरल्याप्रमाणे मेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बालवाडीच्या ताईंनी लहान मुलांकडे तोंड वळवून घेतलं, त्यांचे कान लाल झाले होते.

बाई भिंतीपाशी गेल्या. रागावण्याचं त्यांनी ठरवलं होतं, तरी त्या तिच्या शेजारी बसल्या.

"मला श्वासच घेता येईना त्याच्याखाली," खार म्हणाली. मग म्हणाली, "बाई, तुम्हाला कधी जावंसं वाटत नाही इथून?"

"नाही," बाई म्हणाल्या.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सहा वर्षं रोज सकाळी तिला डोळ्यांत बघायला त्यांनीच शिकवलं होतं. बाईंना नजर काढून घ्यावी लागली.

"वाटतं," त्या म्हणाल्या.

"मग का जात नाही?"

"शब्द दिलाय तुम्हाला."

"तो तुम्ही दिलात, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, समजावण्याचा सूर होता. "मी कुठे दिला होता? मी सहा वर्षांची होते."

अंगणात राक्षसाचं कापड गोळा करताना मुलं हसत होती. त्या रात्री त्या नीट झोपल्या, याचं त्यांना सकाळी नवल वाटलं. डोळा उघडला तेव्हा निर्णय झालेला होता, जणू तो घेताना त्या तिथं नव्हत्याच.

पुढच्या आठवड्यात त्यांनी खारीच्या आईवडिलांना वर्गात बोलावलं. वडील डेपोतून तसेच आले होते, नखांच्या कडांना वंगण. मुलांच्या बाकावर बसताना ते जरा तिरके बसले, गुडघे आत मावत नव्हते. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की मुलीला जाऊ द्यावं. तिला स्वतःला तपासून पाहायचंय, आणि ते या शाळेत होणार नाही. शाळेचा दोष नाही, मुलीचाही नाही.

बालवाडीच्या ताईंनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ?" त्या म्हणाल्या. "सहावी तुमच्या गळ्यात पडेल. तुमचं जायचं ठरलंय, सगळ्यांना माहितीये."

"कळतंय."

"आणि मी? मी इथं तिच्यासाठी आले. ती गेल्यावर मी रोज कुणासाठी यायचं?"

बाईंनी मान खाली घातली. वडील इतका वेळ भिंतीवरची चित्रं बघत होते. ते हळूच म्हणाले, "घरी येईलच की ती. घर कुठं सोडतेय?" आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, मग वंगणाकडे लक्ष गेलं आणि तसाच मागे घेतला. ताईंनीच तो धरून खांद्यावर ठेवून घेतला.

मोठ्या शाळेचा अर्ज आला. त्यात मागच्या वर्षीचे गुण लिहायला एक तक्ता होता. बाईंनी तो तक्ता आडवी रेघ मारून रिकामा सोडला आणि सोबत दोन पानांचं पत्र लिहिलं, ही मुलगी काय करू शकते आणि कशाला घाबरते. तिकडच्या मुख्याध्यापकांनी ते वाचलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मुलीची चाचणी घेतली आणि प्रवेश दिला. मोठ्या बाईंनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही करताना एवढंच विचारलं, विचार केलात ना. केला, असं बाई म्हणाल्या. तुम्ही नाही म्हणालात तर सहावीला वर्षभर कुणी ना कुणी येऊन-जाऊन सांभाळेल, असंही मोठ्या बाई म्हणाल्या. बाईंना ती तेरा मुलं डोळ्यांसमोर दिसली, रोज दारात नवा हात. नाही, त्या म्हणाल्या, मी घेते.

कंदिलांच्या फेरीची संध्याकाळ हा खारीचा शाळेतला शेवटचा दिवस ठरला. दिवस लवकर मावळू लागले होते. बालवाडीची मुलं कागदी कंदील काठीला लावून रांगेत उभी होती, आणि दर चार लहानांमागे सातवीचं एक मोठं मूल. वाटेत गाणी होती, पण वाऱ्यानं निम्मी उडून जात होती. एका चिमुरड्याचा कंदील पेटला, म्हणजे आतली मेणबत्ती नव्हे, बाहेरचा कागदच. तो रडण्याआधीच खारीनं जळता कागद पायाखाली चिरडला, आपल्या मफलरच्या झालरीची गाठ सोडून दोरा काढला आणि उरलेल्या सांगाड्याला खिशातलं स्वतःच्या वहीचं पान गुंडाळून बांधलं. त्या पानावर ग्रह होते. मेणबत्ती परत लावल्यावर शनी सगळ्यात जास्त उजळला.

बाईंनी तिला हाक मारली. खार म्हणून नाही, पटावरच्या नावानं, पूर्ण. ती इतक्या पटकन वळली, की जणू इतकी वर्षं ती या हाकेचीच वाट बघत होती.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "छान बांधलंस."

"दहापैकी?"

"नऊ," बाई म्हणाल्या. "गाठ ढिली आहे."

ती हसली. रांग पुढे गेली आणि तीही मुलांना घेऊन वळणापलीकडे गेली. रांगेच्या टोकाला बालवाडीच्या ताई चालल्या होत्या. त्या बाईंजवळून जाताना थांबल्या नाहीत, पण हातातला जादा कंदील त्यांनी बाईंच्या हातात देऊन टाकला.

नवऱ्याला सांगायचं राहिलं होतं. पहिल्या रविवारी त्याला सर्दी झाली होती. दुसऱ्या रविवारी तो खुशीत होता, वरिष्ठांनी कामाचं कौतुक केलं होतं. तिसऱ्या रविवारी बाईंनीच इकडचं-तिकडचं बोलून फोन ठेवला. शेवटी त्यांनी ठरवलं, सुट्टीत तो येईल तेव्हा घरी, जेवण झाल्यावर, नीट सांगू.

सत्राचा शेवटचा दिवस आला. सकाळी हॉलमध्ये हिरव्या फांद्यांचं वेटोळं घातलं होतं आणि प्रत्येक मूल एकटं आत चालत जाऊन मधल्या ज्योतीवर आपली मेणबत्ती लावून बाहेर येत होतं. सातवीचे अकरा आणि सहावीचे तेरा, पहिल्यांदाच एका रांगेत. सहावीतल्या एका मुलीची आत जाताना पावलं अडखळली, तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं ते आपल्या जुन्या बाईंकडे, आणि मग जरा अंदाज घेत या बाईंकडे. बाईंनी मान हलवली. ती पुढे गेली.

दुपारी मुलं पांगली. सुट्टीनंतर वर्ग एकत्र भरायचा, तर सहावीचे बाक खालच्या मजल्यावरून वर आणायला हवे होते. शाळेचा शिपाई फांद्या उचलण्यात अडकला होता. बाई स्वतःच लागल्या. लाकडी बाक, जुने, जड, जिन्याच्या वळणावर भिंतीला घासणारे. सातवा बाक वर लोटत असताना खालून कुणीतरी दुसरी बाजू उचलली आणि बाक एकदम हलका झाला.

"घरी कुलूप होतं," त्यांचा नवरा म्हणाला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, पण आज दुपारच्याच गाडीनं आला होता, खांद्यावर प्रवासाची बॅग तशीच. "हे काय चाललंय?"

बाक मध्येच धरून उभं राहता येत नव्हतं. दोघांनी तो वर नेला, वर्गात ठेवला. मग बाईंनी सांगितलं. जेवण झालेलं नव्हतं आणि नीटही सांगता आलं नाही. मुलीचं आधी सांगायला हवं होतं, ते शेवटी आलं. तो ऐकत होता. एकदा खिडकीकडे गेला आणि परत आला.

"म्हणजे पावणेदोनाचे पावणेतीन," तो म्हणाला.

"हो."

"सांगायचं होतंस."

"हो."

खाली हॉलमध्ये शिपाई फांद्या ओढत होता, त्याचा सरसर आवाज येत होता. बाईंना वाटलं, आता तरी तो भांडेल. त्यांनी त्यासाठी स्वतःला घट्ट करून घेतलं. तो एका बाकावर टेकला, पुन्हा उठला. त्यानं बॅग खांद्यावरून काढून टेबलाखाली सरकवली, कोट काढला, घडी घातली, कुठं ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला.

"खाली अजून किती आहेत?" त्यानं बाह्या दुमडत विचारलं.

"सहा."

"तू वळणावर उभी राहा," तो म्हणाला. "भिंतीला लागायला नको." आणि तो जिना उतरू लागला.